एंजिनातील ठोका

मुंबईहून निघालेल्या प्रवाशाला मावळातील वराळे, तळेगाव ही गावे गाठण्यापूर्वी बोरघाट चढावा लागतो. या घाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता खुला झाला. विसाव्या शतकात त्या रस्त्यावर बैलगाड्यांच्या जोडीला मोटारी आल्या. अशा खड्या चढणीवर त्या काळच्या मोटारी धापा टाकू लागत आणि एंजिनातून ‘टक् टक्’ असा आवाज येई. जणू आत बसून कोणी हातोडीने लोखंड ठोकीत आहे!

हा ठोका कोठून येई? कोणी म्हणे, बेअरिंग सैल झाले. कोणी म्हणे, दट्ट्या झिजला. एंजिन उघडून पाहावे, तर पुष्कळदा सारे भाग शाबूत असत. जुन्या मोटारींच्या चक्रापाशी ठिणगीची वेळ बदलणारा एक दांडा असे. चाणाक्ष चालक तो फिरवून ठिणगी जरा उशिरा पाडी, की ठोका थांबे. पण गाडीचा जोरही ओसरे. आतील काजळी खरवडून काढल्यावरही काही दिवस आराम पडे. मूळ रोग मात्र तसाच राही.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेने सुरू होणारी मोटार सिद्ध केली. ती १९१२ मध्ये विक्रीस आली. तेव्हा लोकांनी ठोक्याचा दोष त्यांच्याच विद्युत्-यंत्रणेवर ठेवला. केटरिंग यांनी वाद घातला नाही. त्यांनी टॉमस मिजले या तरुण अभियंत्याला कारण शोधण्यास सांगितले.

मिजले यांनी एंजिनातील ज्वलन प्रत्यक्ष तपासले. ठिणगी पडली, की पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण एका बाजूने पेटत जाते. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने एकाएकी भडकले, तर त्याचा तडाखा धातूच्या भिंतींवर बसतो. हाच तो ठोका! दोष यंत्रात नव्हता, इंधनात होता.

लाल रंग उष्णता अधिक शोषत असावा, असा एक तर्क होता. तेव्हा इंधन लाल केले तर गुण येईल, असे मिजले यांना वाटले. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी इंधनात आयोडीन घातले. ठोका थांबला! पण ते एवढ्यावर संतुष्ट झाले नाहीत. त्यांनी खरे लाल रंग आणवून पाहिले. त्यांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. ते महाग असल्यामुळे शोध चालूच राहिला आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग सापडले. त्याच्या अल्पशा मात्रेने ठोका नाहीसा झाला.

येथे मात्र परीक्षा अपुरी राहिली. शिसे हे विष आहे, हे पूर्वीपासून ठाऊक होते. स्वतः मिजले त्याच्या बाधेने आजारी पडले. १९२४ मध्ये न्यू जर्सी येथे हे संयुग तयार करणारे काही कामगार मरण पावले. मद्यार्कानेही ठोका थांबतो, हे तेव्हाच कळले होते. तरीही शिसेयुक्त पेट्रोल जगभर विकले गेले. त्याचा धूर श्वासावाटे शरीरात जाई आणि सर्वाधिक हानी बालकांच्या मेंदूची होई. भारतात अशा पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. साऱ्या जगातून ते हद्दपार होण्यास २०२१ साल उजाडले. आज पेट्रोलचे शुद्धीकरण सुधारले आहे. त्यात उसापासून काढलेला मद्यार्कही मिसळतात. तो ठोक्याला आवर घालतो.

एंजिनाचा रोग ज्या चिकाटीने शोधला, त्याच चिकाटीने औषध पारखले असते, तर केवढा अनर्थ टळला असता! यंत्र शांत झाले, एवढ्याने औषध चांगले ठरत नाही. त्याचा धूर ज्यांच्या अंगणात जातो, त्यांचाही विचार करावा लागतो.

अभ्यास
१. खड्या चढणीवर येणाऱ्या ठोक्याविषयी लोक कोणकोणते तर्क करीत?
२. आयोडीनचा गुण आल्यावरही मिजले यांनी लाल रंग का तपासले?
३. ‘परीक्षा अपुरी राहिली’ असे का म्हटले आहे?