शांताबाईंचा करार

जळकोटच्या बाजारात सिनेमाचं गाणं कानी पडतं. पडद्यावर नटी ओठ हलवते. आवाज बहुधा दुसरीचा असतो. बोलपट नवे होते, तेव्हा नटीला स्वतःच गावे लागे. म्हणून गाणाऱ्या मुलींना सिनेमात बोलावणे येई.

शांता आपटे अशाच. जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनीचा. वडील स्टेशनमास्तर. शांताबाई पंढरपूरला गाणे शिकल्या. पुढे पुण्याच्या प्रभात कंपनीत गेल्या. १९३७ साली 'कुंकू' चित्रपट आला. त्यात नीराचे लग्न फसवून म्हाताऱ्याशी लावतात. नीरा ते मानत नाही. ही नीरा शांताबाईंनी केली. घरोघर त्यांचे नाव झाले.

नाव झाले, तरी करारावरून कंपनीशी तंटा झालाच. १९३९ साली त्या कंपनीच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. १९४० साली त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. सिनेमाच्या धंद्यातले बरेवाईट त्यात मांडले. १९६४ साली त्या वारल्या.

करार म्हणजे कागदावर लिहिलेली बोली. मग ती नटीची असो, की पाडव्याला ठरणाऱ्या सालगड्याची. कामाचे दिवस किती? पैसे किती, कधी? सगळे त्यात असते. आता तुम्हांला वाचता येते. कागद पुढे आला, तर आधी काय कराल?