रॅकेटच्या मुठीला आठ पैलू का?

सेकंड इयरला आंतर-हॉस्टेल टेनिससाठी माझी निवड झाली, ती मी चांगला खेळायचो म्हणून नव्हे. आमच्या ब्लॉकमध्ये दुसरं कोणी तयारच नव्हतं! रॅकेट जिमखान्याच्या कपाटातली. पहिल्या मॅचमध्ये माझे फोरहँड एक तर मागच्या कुंपणावर, नाहीतर जाळीच्या तळाशी. ६-१, ६-० असा हरलो. पुढची मॅच आठ दिवसांनी होती आणि तीही गेली की आमचा ब्लॉक स्पर्धेबाहेर. मेसमध्ये सगळ्यांचा एकच सल्ला, "घट्ट धर रे." मी घट्ट धरली. चौथ्या दिवशी कोपर दुखायला लागलं.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. रात्री लाइट गेल्यावर सहज चाळा म्हणून हातात रॅकेट फिरवत बसलो होतो. थांबवली तर जाळी कुठल्या बाजूला आहे ते कळेना. शेजारच्या खाटेवर रूम पार्टनरची बॅडमिंटनची रॅकेट होती. ती तशीच फिरवून थांबवली, तर अंधारातही बोटांना लगेच कळलं. मग मुठीवरून हात फिरवला आणि ट्यूब पेटली. बॅडमिंटनच्या मुठीला कडा होत्या. माझी जवळपास गोल झाली होती.

टेनिसच्या मुठीचा छेद अष्टकोनी असतो, पण भूमितीच्या पुस्तकातला नियमित अष्टकोन नव्हे. तो थोडा चपटा असतो, आणि किती चपटा ते कंपनीवर ठरतं. हेडची मूठ बरीच चपटी, तर विल्सनची चौकोनी बांध्याची. रॅकेटची जाळी जमिनीला काटकोनात धरली की वरचा पैलू पहिला. उजव्या हाताच्या खेळाडूने तिथून घड्याळाच्या दिशेने मोजत जायचं. तर्जनीच्या मुळाचं हाड दुसऱ्या पैलूवर टेकलं की कॉन्टिनेंटल पकड, सर्व्हिस आणि व्हॉलीची. तिसऱ्यावर ईस्टर्न फोरहँड, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, पाचव्यावर वेस्टर्न. एक पैलू सरकला की जाळीचा कोन ४५ अंशांनी बदलतो. हे बदल खेळाडू मुठीकडे न बघता करतो, कारण डोळे चेंडूवर असतात.

आता "घट्ट धर" या सल्ल्याचा हिशोब करू. चेंडू ५८ ग्रॅमचा. सेकंदाला २० मीटर वेगाने आला आणि २५ ने परत गेला, तर संवेगातला बदल सुमारे २.६ न्यूटन-सेकंद. तारांवर तो जेमतेम ५ मिलिसेकंद असतो, म्हणजे सरासरी बल ५०० न्यूटनच्या वर. मध्यापासून ३ सेंमी बाजूला लागला, तर पीळ १५ न्यूटन-मीटरच्या आसपास. मुठीची त्रिज्या १.८ सेंमी धरा. हा पीळ नुसत्या घर्षणाने अडवायला साडेआठशे न्यूटन लागतील. कोणाच्या मुठीत आहेत? शिवाय हाताला जाग येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. तेव्हा चेंडू बाजूला लागला की रॅकेट थोडी वळणारच. ते कमी करतं रॅकेटचं स्वतःचं जडत्व.

म्हणजे पैलूंचं खरं काम चेंडू लागण्याआधीचं आहे. जाळी कुठे बघते आहे ही बातमी ते हाताला देतात. नट-पान्यासारखं पकडून ठेवणं हा वरचा फायदा. या बातमीत चूक किती महाग पडते बघा. ४ ३/८ इंची, म्हणजे तीन नंबरच्या मुठीवर ५ अंश म्हणजे तळव्यापाशी अवघा दीड मिलिमीटर. चेंडूची दिशाही तेवढीच बदलली असं धरलं, तर बेसलाइनपासून जाळीपर्यंतच्या १२ मीटरांत चेंडू एक मीटर वर जातो. जाळीची मधली उंचीच ९१ सेंमी आहे!

माझ्या मुठीवर तीनचा शिक्का होता, म्हणजे घेर ११.१ सेंमी हवा. दोरा गुंडाळून मोजला तर १२.७ भरला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या खेळाडूंनी जुनी ग्रिप न काढता वर नवी गुंडाळली होती. इथे एक गंमत आहे. अष्टकोनावर सगळीकडे सारखा थर चढवला, तर सपाट बाजूंची रुंदी तेवढीच राहते. वाढलेला सगळा घेर कोपऱ्यांच्या गोलाईत जातो. थर वाढवत गेलात की कडा अशा बुजतात.

दुसऱ्या दिवशी ब्लेडने तीन थर सोलले आणि एकच नवी ग्रिप लावली. ईस्टर्न पकडीत बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी मावते का, तेही पाहिलं. मावली.

कोपराचं खापर मात्र मी जाडीवर फोडणार नाही. २००६ साली अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंवर एक अभ्यास झाला. मूठ मापापेक्षा पाव इंच जाड किंवा बारीक करूनही कोपरापुढच्या स्नायूंच्या कामात लक्षणीय फरक दिसला नाही. माझं दुखणं बहुधा चार दिवस आवळून धरल्याचं होतं. पकड सैल केल्यावर ते आठवड्यात गेलं.

दुसरी मॅचही हरलोच, पण ६-४, ७-५. सोललेल्या ग्रिप्स जिमखान्याच्या मामांनी पाहिल्या. "सामान खराब केलंस," म्हणून नव्या ग्रिपचे पैसे काही त्यांनी दिले नाहीत.