मनोविकाराचे निदान आणि रुग्णाचे म्हणणे

हिवतापाचे जंतू रक्ताच्या थेंबात सापडतात. फुप्फुसाचा क्षय थुंकीच्या तपासणीतून कळतो. बहुतेक मनोविकारांसाठी मात्र अशी निर्णायक चाचणी आजही उपलब्ध नाही. रक्ताची तपासणी येथे प्रामुख्याने अन्य आजार वगळण्यासाठी केली जाते. कारण थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावल्यास किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यासही उदासी व थकवा येतो. प्रत्यक्ष निदान रुग्णाने सांगितलेली हकीकत, नातलगांनी दिलेली माहिती आणि डॉक्टरांचे निरीक्षण यांवरून होते. म्हणून रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणे हा केवळ सौजन्याचा नव्हे, तर तपासणीचाच भाग होय.

द्विध्रुवी विकाराच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. या विकारात उदासीचे व उन्मादाचे कालखंड येतात. रुग्ण बहुधा उदासीच्या काळात दवाखान्यात येतो. त्यापूर्वीचे कमी झोपेचे, अफाट उत्साहाचे व भरमसाट खर्चाचे दिवस त्याला आजार वाटत नाहीत. त्यामुळे तो ते सांगत नाही. कोणी विचारलेही नाही, तर निदान नैराश्याचे होते आणि केवळ नैराश्यावरील औषधे दिल्याने काही रुग्णांत उन्माद उसळतो. न विचारलेल्या एका प्रश्नाची किंमत रुग्णाला अशी मोजावी लागते.

अनेकदा मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत मांडले जाते. डोके जड होते, छाती धडधडते, जीव घाबरतो, अशा तक्रारी घेऊन रुग्ण येतो. तपासण्या निर्दोष निघाल्या की ‘काही झालेले नाही’ असे सांगून त्याला परत पाठविले जाते. याउलट, ज्याच्यावर मनोरुग्णाचा शिक्का बसला आहे, त्याच्या खऱ्या शारीरिक दुखण्याकडेही दुर्लक्ष होण्याचा धोका असतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांनुसारच व्हावे. सामाजिक किंवा आर्थिक स्थिती अथवा रूढ चालीरीती न पाळणे हा त्याचा आधार असू नये, असे त्यात म्हटले आहे. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्याच कारणावरून कोणालाही आज मनोरुग्ण ठरविता येत नाही. आजाराचे स्वरूप व उपचारांची माहिती मिळण्याचा, तसेच आपली वैद्यकीय कागदपत्रे पाहण्याचा हक्कही रुग्णास आहे.

गावपातळीवर यासाठी बरेच करता येईल. त्रास केव्हा सुरू झाला, झोप व भूक कशी आहे, घरात पूर्वी कोणाला असा आजार होता काय, कोणती औषधे चालू आहेत, याचे टिपण लिहून देण्यास शिक्षक साहाय्य करू शकतात. रुग्णाची इच्छा असल्यास त्याला डॉक्टरांशी एकांतात बोलू द्यावे. निदानाविषयी शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. मात्र औषधे परस्पर बंद करू नयेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकावरील विनामूल्य सेवा यांची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल.

रुग्णाची हकीकत अर्धवट राहिली, तर निदानही अर्धवटच राहते. ती पूर्णपणे डॉक्टरांपर्यंत पोहोचविणे हे गावालाही करता येण्याजोगे काम आहे.