शेतजमिनीचा व्यापारी भाव : जासई परिसराचा एक अभ्यास

पनवेल-उरण पट्ट्यातील कोणत्याही गावी आज जमिनीचा विषय निघाला की पहिली चौकशी होते ती भावाची. गुंठ्याला काय चालले आहे? रस्त्याला लागून असलेल्या जागेला काय आणि आतल्या जागेला काय? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारावासा वाटतो. भाताचे खाचर गोदामाची किंवा दुकानाची जागा होते ते नेमके केव्हा, आणि त्या क्षणी ते कोणाच्या नावावर असते? माती तीच, क्षेत्र तेच. परंतु किंमत अनेक पटींनी वाढते, आणि त्या वाढीचा धनी कोण हे त्या क्षणी सातबारावर ज्याचे नाव असेल त्यावरून ठरते. जासईचा गेल्या अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे, असे आम्हांस वाटते.

पनवेलचे म्हणून ओळखले जात असले तरी जासई महसुली दृष्ट्या रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. (१ जानेवारी १९८१ पूर्वी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई.) खाडीच्या काठाचा हा मुलूख आगरी व कोळी समाजाचा. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी ही येथील उपजीविकेची तीन साधने. खारजमिनीतील भात म्हणजे बांध आणि उघाडी यांची राखण करून समुद्राकडून दरवर्षी नव्याने मिळवलेले पीक होय. बांध फुटला की पुढे काही हंगाम हाती काही लागत नाही. या कष्टांचा हिशेब जमिनीच्या मूल्यमापनात कधी धरला गेल्याचे दिसत नाही.

मालकीचा इतिहासही ध्यानात घ्यावा लागेल. कुलाबा जिल्हा हा खोतीचा प्रदेश. अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ या काळात संप केला तो याच व्यवस्थेविरुद्ध. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. आता पुढची तारीख पाहा. नवी मुंबईसाठी जमिनी संपादन करण्याची अधिसूचना निघाली ती फेब्रुवारी १९७० मध्ये. म्हणजे ज्या कुटुंबांना कुळकायद्याने जमीन मिळाली, त्यांना ‘मालक’ हा शब्द अंगवळणी पडायला जेमतेम तेरा वर्षे मिळाली. अनेकांची कुळकायद्याची प्रकरणे तर त्याहूनही उशिरा निकाली निघाली असणार.

नव्या शहराची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास मांडली होती. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावे प्रकल्पात आली. क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. या योजनेचा आर्थिक कणा मोठा सुटसुटीत होता. शेतजमीन शेतजमिनीच्या भावाने घ्यावयाची, तिच्यावर रस्ते, पाणी, वीज आणावयाची, मग ती शहराच्या भावाने द्यावयाची आणि मधल्या फरकातून शहर उभारावयाचे. जमीन हेच भांडवल! नगररचनेच्या दृष्टीने या विचारात वावगे काही नाही. शहराचा खर्च शहरानेच भागवावा हे तत्त्व चांगलेच आहे. पण त्या भांडवलाचा मूळ भागधारक शेतकरी होता, आणि लाभांशाच्या वाटणीत मात्र त्याचे नाव नव्हते.

हे विसरून झाले नव्हते, कायद्याने झाले होते, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आमच्या मते हाच आहे. संपादन झाले ते १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. त्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे भरपाई ठरे ती कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या दिवशीच्या बाजारभावाने. आणि कलम २४ सांगे की संपादनानंतर जमिनीचा जो उपयोग होणार आहे त्यामुळे वाढणारी किंमत हिशेबात धरू नये. म्हणजे जमीन कशासाठी घेतली जात आहे हे सर्वांना ठाऊक, पण किंमत ठरवताना ते कोणी ध्यानात घ्यायचे नाही. शिवाय भाव १९७० चा गोठवलेला. निवाडे मात्र अनेक गावांत त्यानंतर कित्येक वर्षांनी झाले. दरम्यान शेजारी वाशीला वसाहत उभी राहत होती आणि शेतकरी ती आपल्या डोळ्यांनी पाहत होता.

या पार्श्वभूमीवर १९८४ चे आंदोलन समजून घ्यावे लागते. त्याचे नेते शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील हे जासईचेच सुपुत्र. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान आणि नवघर-पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. दरवर्षी जानेवारीत त्यांना येथे अभिवादन केले जाते. या लढ्याकडे केवळ ‘जास्त भावाची मागणी’ म्हणून पाहणे अपुरे आहे. भाव कितीही वाढवून दिला तरी तो शेतजमिनीचाच भाव. आणि मागणीचा रोख हळूहळू विकसित जमिनीतील हिश्श्याकडे वळला. शासनाने १९९० मध्ये हे तत्त्व मान्य केले आणि १९९४ च्या सुधारणेनंतर ‘साडेबारा टक्के योजना’ या नावाने ते रूढ झाले. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची ही योजना होय.

आता थोडे गणित करू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होतात. हाती राहतात ८.७५ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे, सुमारे ३५४ चौरस मीटर. दीड चटईक्षेत्र धरले तर बांधकाम सुमारे ५३१ चौरस मीटर, आणि त्यातील १५ टक्के व्यापारी वापरास मोकळे, म्हणजे साधारण ८० चौरस मीटर. एका एकरामागे चार-पाच दुकानगाळे, इतकेच! जमीनही पूर्ण मालकीची नव्हे, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची. सातबारावरचा मूळ पुरुष वारला असेल आणि मागे तीन मुलगे व दोन मुली असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण गुंठाही येत नाही. एवढ्याशा तुकड्यावर कोणी एकटा इमारत बांधू शकत नाही, म्हणून बांधकाम व्यावसायिकाकडे जाणे भाग पडते.

याचा एक परिणाम या पट्ट्यात सर्वांच्या परिचयाचा आहे. भूखंड हाती येण्याच्या आधीच त्याचा हक्क विकला जातो. बोलीभाषेत ‘फाईल विकली’ असे म्हणतात. मुलीचे लग्न, आजारपण, घराचे अर्धवट बांधकाम, किंवा सरकारी वाटपाची वाट पाहून आलेला कंटाळा, अशी कारणे असतात. घेणारा आगाऊ रक्कम देतो, कुलमुखत्यारपत्र करून घेतो आणि वाटप झाले की सिडकोसह त्रिपक्षीय करार होऊन भूखंड त्याच्या नावे होतो. वाढ शेतकऱ्याला मिळावी म्हणून निघालेल्या योजनेतही वाट पाहण्याची ऐपत ज्याच्याकडे, वाढ त्याच्याकडे गेली. विकणाऱ्याला उधळ्या ठरवणे सोपे आहे. पण दहा-वीस वर्षे वाट पाहणे हीसुद्धा एक चैन आहे आणि ती मिठागरावर राबणाऱ्या घराला परवडत नाही. त्यातही मिठागराचा मजूर, नोंद नसलेले कूळ, खाडीवर पोट भरणारा कोळी यांचे सातबारावर नावच नाही. साडेबारा टक्क्यांतले त्यांना काहीच नाही.

संपादनाबाहेरच्या जमिनीचे काय? २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि उरण तालुक्यात कंटेनर यार्ड, गोदामे, ट्रेलरचे तळ यांसाठी जागांची मागणी वाढली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. खाजगी गिऱ्हाईक आता थेट बांधावर येते. येथे कुळकायद्याचे कलम ६३ आडवे येते. जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी किंवा औद्योगिक वापरासारखे ठराविक अपवाद वगळून. हेतू उघड आहे : जमीन कसणाऱ्याकडेच राहावी. प्रत्यक्षात मात्र मध्ये एक तिसरा हात उभा राहतो. कागदोपत्री शेतकरी असलेला कोणी जमीन शेतीच्या भावाने घेतो, बिनशेतीचे सोपस्कार पार पाडतो आणि मग व्यापाऱ्याला व्यापारी भावाने देतो. ज्या क्षणाबद्दल आपण आरंभी विचारले, तो क्षण बहुधा या मधल्या हातात उगवतो. मूळ मालकाने बिनशेती स्वतः करून घेतली असती तर फरक त्याच्याकडे राहिला असता. पण त्यासाठी लागणारा पैसा, कचेरीतील खेटे आणि माहिती ही त्याच्याजवळ नसते.

कागदांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग येणार आहे. सातबारा पाहताना लोक वरचे नाव व क्षेत्र पाहून थांबतात; खरी गोष्ट ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. कुळाचा हक्क, बँकेचा बोजा, संपादनाचा शेरा, हस्तांतरास बंदी, हे सारे तेथे असते. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चे बंधन असू शकते आणि आदिवासी खातेदाराची जमीन तर शासकीय मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊच शकत नाही. जुने फेरफार उतरत्या क्रमाने वाचत गेल्यास कोणत्या वारसाचे नाव केव्हा गळले ते कळते. ते नाव पुष्कळदा बहिणीचे असते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. आणि जमिनीला व्यापारी भाव येताच सासरी गेलेल्या बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी माहेरी बोलावणे येऊ लागले. शेती होती तोवर हिस्सा कोणी मागत नव्हते, देतही नव्हते. माहेर टिकवायचे की हिस्सा, हा प्रश्न तिच्यापुढे जमिनीच्या भावानेच आणून ठेवला.

विकण्याऐवजी दुसरा मार्ग आहे काय? पुण्याजवळ हडपसर येथे मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र करून १९९० च्या दशकात स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेऊन नगर वसवले. जमीन बिनशेती झाली त्या क्षणी ती त्यांच्याच हातात होती. उदाहरण उत्साहवर्धक आहे, पण ते जसेच्या तसे उरणला लागू होईल असे आम्हांस वाटत नाही. तेथे नातेसंबंधाने बांधलेली, एकसलग जमिनीची कुटुंबे होती. येथे तुकडे लहान, वारस अनेक आणि मध्ये संपादनाचे पट्टे. त्यापेक्षा यार्डासाठी जमीन दीर्घ मुदतीच्या भाड्याने देणे लहान खातेदाराला अधिक जमण्यासारखे आहे. रक्कम एकदम येत नाही, परंतु मालकी राहते आणि भाव वाढला तर करार संपताना भाडेही वाढवता येते. मात्र भराव टाकलेली खारजमीन पुन्हा भाताची होत नाही, हे करारापूर्वी समजून घ्यावे. शिवाय एका भरावाने शेजारच्या खाचरांतील पाण्याचा निचराही अडतो.

१८९४ चा कायदा आता राहिलेला नाही. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने भरपाई वाढवली आणि एक वेगळी तरतूद केली. संपादित जमीन विकास न करता पाच वर्षांच्या आत चढ्या भावाने दुसऱ्याकडे दिली गेली, तर वाढलेल्या किमतीचा ४० टक्के भाग मूळ मालकांना द्यावयाचा. जासईच्या लढ्यातील तत्त्व, थोडेसे का होईना, कायद्याच्या भाषेत उतरले असे म्हणावे लागेल. परंतु खाजगी खरेदी-विक्रीला ही तरतूद लागू नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नियुक्ती झाली आणि शेतकऱ्यांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या. त्या गावांत खरेदीखते आणि साठेकरार होतच आहेत, आणि आराखड्यात कोणत्या खाचरावर कोणता रंग भरला जाणार हे ठरण्यापूर्वी झालेल्या प्रत्येक सौद्यात विकणाऱ्याला मिळतो तो भाताच्या जमिनीचाच भाव.