दगड कुठलाही घ्या, हात हलका ठेवा

चेहऱ्यावर मसाजसाठी फिरवायचा ग्वाशाचा दगड जेडचा घ्यावा की रोझ क्वार्ट्झचा, हा प्रश्न हल्ली दवाखान्यात मुरुमांच्या क्रीमइतकाच विचारला जातो. विचारणाऱ्यांत कॉलेजच्या मुली असतात, लग्न ठरलेल्या असतात आणि अलीकडे लॅपटॉपपुढे बसून मान धरलेले तरुणही. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. कुठलाही घ्या, त्वचेला दगडाची जात कळत नाही. तिला कळतो तो दाब, घर्षण आणि कडेचा खडबडीतपणा.

मूळ उपचार चीनमधला, आणि तो चेहऱ्यासाठी नव्हताच. पाठ, मान, खांदे यांवर तेल लावायचं आणि म्हशीच्या शिंगाचा तुकडा, चिनी मातीचा चमचा किंवा नाणं एकाच दिशेने ओढत राहायचं, लाल ठिपके उमटेपर्यंत. व्हिएतनाममध्येही अंगदुखीवर असंच घासतात. इंडोनेशियात त्याला केरोकान म्हणतात. हे ठिपके म्हणजे बाहेर पडलेलं ‘विष’, असं रील्समध्ये सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून पाझरलेलं ते रक्त असतं, मुका मार लागल्यावर साकळतं तसंच. दोन ते पाच दिवसांत शरीर ते शोषून घेतं. पण पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. 2001 सालच्या ‘ग्वाशा’ या चिनी चित्रपटाची कथाच त्यावर उभी आहे: अमेरिकेत राहणाऱ्या चिनी कुटुंबातल्या मुलाच्या पाठीवरचे वळ पाहून आईवडिलांवर मारहाणीचा संशय येतो आणि प्रकरण कोर्टात जातं. तेव्हा असे वळ अंगावर असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि लहान मुलांवर हा प्रयोग करूच नका.

उपयोग होतो का? जर्मनीत 2007 मध्ये 11 निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात घासलेल्या जागेचा रक्तप्रवाह पहिली काही मिनिटं चौपट झालेला दिसला. जुनाट मानदुखीच्या 48 रुग्णांवर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या ग्वाशाने, शेकणाऱ्यांच्या तुलनेत, आठवड्यानंतरही वेदना कमी होत्या. अभ्यास छोटे आहेत, पण आखडलेल्या मानेला थोडे दिवस आराम पडू शकतो, हे मी मान्य करते. चेहऱ्याचं मात्र वेगळं. सकाळची थोडी सूज हलक्या मसाजने उतरते, कारण साठलेलं पाणी पुढे सरकतं. काही तासांनी चेहरा होता तसा होतो. जबड्याचं हाड किंवा गालावरची चरबी दगडाने जागची हलत नाही आणि सुरकुत्या जातात याला पटण्याजोगा पुरावा नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. आपली सावळी-गव्हाळ त्वचा घर्षणाला रंगाने उत्तर देते. वर्षानुवर्षं अंगघासणीने खसाखसा पाठ आणि दंड घासणाऱ्यांच्या अंगावर तपकिरी जाळीसारखे डाग पडलेले आम्ही त्वचारोगतज्ज्ञ नेहमी पाहतो. चेहऱ्यावरही तेच घडतं, विशेषतः गालफडांच्या उंचवट्यावर, जिथे खाली लगेच हाड आहे. ज्यांना वांग आहे त्यांचा वांग अशा घासण्याने गडद होतो आणि पुढे तो उतरवायला महिनोन्महिने जातात. परदेशी व्हिडिओतली गोरी मुलगी गाल लालबुंद होईपर्यंत दगड फिरवते. तिची लाली तासाभरात जाते, तुमच्या गालावर मागे डाग राहू शकतो. म्हणून चेहऱ्यावर लाली येईपर्यंत घासायचं नाही. लाली दिसली की दाब जास्त झाला, असं समजून थांबा.

विकत घ्यायचाच असेल तर मी स्टेनलेस स्टीलचा सुचवते. तो पडला तरी फुटत नाही आणि साबणाने धुऊन उकळताही येतो. जेड म्हणून विकला जाणारा दगड अनेकदा रंगवलेली काच निघते. पण खरी अडचण टवक्याची आहे. फरशीवर पडलेल्या दगडाच्या कडेला डोळ्यांना न दिसणारा टवका उडतो आणि तोच त्वचा ओरखडतो. कापसाचा बोळा सगळ्या कडेवरून फिरवून पाहा. एक जरी तंतू अडकला, तरी तो दगड टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवा. शिंगाचे नकोतच, ते नीट निर्जंतुक होत नाहीत. आणि आपला दगड बहिणीलाही देऊ नका. पार्लरमध्ये एकच दगड सगळ्यांच्या चेहऱ्यावर फिरत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

चेहरा धुऊन चार-पाच थेंब तेल किंवा मॉइश्चरायझर लावा. मुरुम येत असतील तर खोबरेल नको, त्याने छिद्रं बुजतात. दगड जवळजवळ आडवा धरा, कड उभी लावू नका. आधी मानेच्या बाजूने खाली, गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत, अगदी अलगद. मग हनुवटीपासून कानाकडे, नाकाच्या बाजूने कानशिलाकडे, भुवयांच्या मधून केसांकडे. प्रत्येक ठिकाणी चार-पाच वेळा, बस्स. डोळ्यांखाली दगडाचं स्वतःचं वजन पुरेसं आहे. रात्री दात खाणाऱ्यांनी कानापुढच्या चावण्याच्या स्नायूवर जरा जास्त वेळ द्यायला हरकत नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंना नाडी लागते तिथे मात्र दाब अजिबात नको. वयस्कर माणसाला त्याने एकाएकी चक्कर येऊ शकते.

मान-खांद्यांवर दाब थोडा वाढवता येतो, पण मणक्याच्या हाडावरून दगड नेऊ नये. वळ उठले तर ते पूर्ण जाईपर्यंत पुन्हा करू नका. हाताला मुंग्या येत असतील, हात कमजोर वाटत असेल किंवा तापासोबत मान ताठली असेल, तर घासत बसण्यात वेळ घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

काहींनी ग्वाशाच्या वाटेलाच जाऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले, त्यात हृदयासाठी रोज ऍस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणारेही आले. पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असलेले. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेले. पिकलेले मुरुम, नागीण किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असलेले. बोटॉक्स किंवा फिलर घेऊन दोन आठवडे न झालेले. आणि पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी निघणारे डेंग्यूचे रुग्ण: ताप उतरल्यावरही प्लेटलेट कमी असतात, अंग ठणकत असतं आणि मसाजचा मोह होतो. तो आवरा.

“डॉक्टर, मग आपली काशाची वाटी?” हेही विचारलं जातं. तूप लावून तळपाय घासण्याने बरं वाटतं, झोपही लागते; खुशाल करा. वाटीखाली तळपाय काळा पडतो तो मात्र अंगातली उष्णता निघाल्यामुळे नाही. काशात बराचसा तांब्याचा भाग असतो, तो तुपाशी आणि घामाशी संयोग पावून काळपटतो. काशाची मुठीची कांडी हल्ली चेहऱ्यासाठीही विकतात. तिला वरचेच सगळे नियम लागू आहेत.

शेवटची एक विनंती. रोज सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसत असेल, पायावर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर मसाजचं सामान मागवण्याआधी रक्तदाब मोजून घ्या आणि लघवीची, क्रिएटिनिनची व थायरॉइडची तपासणी करा.