शुक्रदुष्टीवरील नवीन औषधांचा शोध : सातपुड्यातील चिकित्सकाच्या दृष्टीने

प्रास्ताविक

अपत्यप्राप्तीस विलंब झाला की दोष स्त्रीकडे दिला जातो, ही समजूत नंदुरबार जिल्ह्यातही दृढ आहे. वस्तुतः वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषातील कारण एकट्याने किंवा अन्य कारणांच्या जोडीने आढळते. असे असूनही या विकारावर आधुनिक वैद्यकाकडे औषधे मोजकीच आहेत. पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांच्या अभावामुळे शुक्राणू निर्माण होत नसतील, तर ती संप्रेरके देऊन निश्चित लाभ होतो. जेथे कारण सापडत नाही, तेथे मात्र सर्वमान्य औषध नाही. १९९२ साली पुढे आलेल्या, एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या तंत्राने अनेकांना अपत्य दिले. पण तो दोष दूर करण्याचा उपाय नव्हे. ही उणीव आयुर्वेदाने कोणत्या शिस्तीने भरून काढावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शास्त्रीय आधार

चरकाचार्यांनी योनिव्यापच्चिकित्सितात फेनिल, तनु, रूक्ष, विवर्ण, पूति, पिच्छिल, अन्यधातूपसृष्ट व अवसादि असे आठ रेतोदोष सांगितले आहेत. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात दोषानुसार आठ प्रकार मांडून ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज ही गर्भाची चार साधने मानली. यावरून दोन बोध होतात. एक, मैथुनसामर्थ्य आणि बीजाची गुणवत्ता या भिन्न गोष्टी आहेत. क्लैब्यावरील औषध शुक्रदुष्टीवर चालेलच असे नाही. दोन, चारही साधने पाहिल्याशिवाय केवळ पुरुषास औषध देणे अपुरे आहे.

२. मुसळी : ओळख हीच पहिली कसोटी

शार्ङ्गधरसंहितेत शुक्रल द्रव्यांची उदाहरणे म्हणून अश्वगंधा, मुसळी, शर्करा व शतावरी यांचा उल्लेख आहे. ही मुसळी कोणती? तालमूली म्हणजे काळी मुसळी ही वनस्पती वेगळी, आणि सातपुड्यातील सफेद मुसळी वेगळी. सफेद मुसळीच्या ज्या जातीची आज लागवड होते, तिला ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम’ हे शास्त्रीय नाव १९५५ साली सांतापाव व फर्नांडिस यांनी बोरिवलीवरून दिले. बाजारात याच कुळातील अन्य जातींची व शतावर कुळातील मुळेही सफेद मुसळी म्हणून विकली जातात. द्रव्याची ओळखच निश्चित नसेल, तर त्यावरील कोणतेही संशोधन पुन्हा पडताळता येत नाही.

बी पडण्यापूर्वीच मुळे खणली गेल्यास जंगलातील मुसळी क्षीण होत जाते. म्हणून पाने पिवळी पडून बी गळल्यानंतरच खणणे आणि शक्य तेथे लागवडीचेच द्रव्य वापरणे, हे औषधनिर्मितीचेच अंग मानले पाहिजे.

३. काळाचा हिशेब

रसापासून शुक्र होण्यास एक महिना लागतो, असे सुश्रुताचार्य सांगतात. आधुनिक निरीक्षणानुसार वृषणात शुक्राणू घडण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि नंतर अधिवृषणातून पुढे येण्यास आणखी काही दिवस जातात. म्हणून कोणत्याही औषधाचा परिणाम तीन महिन्यांपूर्वी ठरवू नये. आपल्या जिल्ह्यात याला व्यावहारिक अडचण आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी गुजरातेत जातात. चिकित्सेचा प्रारंभ आषाढ-श्रावणात केल्यास स्थलांतरापूर्वी दुसरी तपासणी साधते.

तपासणी २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर करावी, नमुना तासाभरात पाहिला जावा आणि एकाच अहवालावर निदान करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार निम्न संदर्भमर्यादा अशा : परिमाण १.४ मिलि, संख्या प्रति मिलि १ कोटी ६० लाख, एकूण गतिमानता ४२ टक्के, प्राकृत रचना ४ टक्के. या मर्यादेखाली असणारा प्रत्येक पुरुष वंध्य नसतो, हेही रुग्णास सांगावे.

४. औषधापूर्वीचा प्रश्न : सिकलसेल

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. या आजाराने पीडित पुरुषात मुळातच शुक्राणू कमी असू शकतात. त्यावर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरियानेही संख्या घटते. अशा रुग्णाला इतिहास न विचारता वाजीकरण योग दिल्यास खरे कारण झाकले जाते. हे औषध परस्पर बंद करू नये, कारण ते वेदनेचे झटके कमी करते. रुग्णाच्या चिकित्सकाशी विचारविनिमय करावा. पतिपत्नी दोघांचीही सिकलसेल तपासणी गर्भधारणेपूर्वीच व्हावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

कीटकनाशकांची फवारणी, तंबाखू, मद्य, गालगुंडानंतरचा वृषणशोथ, वृषणसिरांची फुगवट आणि शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने यांचीही चौकशी आवश्यक आहे. बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणूनिर्मिती वाढवत नाही, उलट थांबवते. वीर्यात शुक्राणू मुळीच नसतील तर विलंब न करता तज्ज्ञाकडे पाठवावे.

५. पुरावा कसा असावा

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात शुक्राणू कमी असलेल्या ४६ पुरुषांपैकी काहींना अश्वगंधेचा अर्क व इतरांना निष्क्रिय गोळी ९० दिवस दिली गेली. अर्क घेणाऱ्यांत संख्येत मोठी वाढ नोंदली गेली. निष्कर्ष आशादायक आहे, पण रुग्णसंख्या लहान. याउलट २०२० साली अमेरिकेत २,३७० दांपत्यांवर झालेल्या चाचणीत जस्त व फोलिक आम्ल देऊनही वीर्याच्या मापांत वा जिवंत बालकजन्मात फरक पडला नाही. लहान अभ्यासांवरून निर्माण झालेली आशा मोठी चाचणी मोडू शकते, हा धडा आपल्यालाही लागू आहे. शुक्राणूंची वाढ हे साधन. निरोगी अपत्य हे साध्य. अभ्यासाचे मोजमाप साध्याशी जोडलेले असावे.

नियमांची चौकटही स्पष्ट आहे. भारतातील औषधचाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत १५ जून २००९ पासून अनिवार्य झाली. वनस्पतीचा प्रमाणित अर्क नवीन औषध म्हणून विकसित करण्यासाठी २०१५ साली स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. लैंगिक क्षमतावर्धक म्हणून जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

समारोप

मोठी चाचणी एकट्या वैद्याला शक्य नाही; परंतु द्रव्याची ओळख, मात्रा, अनुपान, चिकित्सेपूर्वीचा व तीन महिन्यांनंतरचा अहवाल आणि गर्भधारणा झाली वा नाही, एवढी नोंद प्रत्येकास ठेवता येते. ज्यांना गुण आला नाही त्यांचीही नोंद तितक्याच काळजीने ठेवावी. अशा प्रामाणिक नोंदींतूनच पुढील संशोधनास योग्य प्रश्न मिळतील आणि निष्कारण दोष सोसणाऱ्या स्त्रीला न्याय मिळेल.