ॲल्युमिनियमचा रॉड: कोणतं काम घ्यायचं, कोणतं परत पाठवायचं



घरच्या शेडमध्ये बग्गी बांधणारे हौशी लोक, बाहा स्पर्धेसाठी गाडी बनवणारी इंजिनिअरिंगची मुलं, जुन्या गाड्या हौसेनं दुरुस्त करणारे, या सगळ्यांची एक अडचण सारखीच असते. ॲल्युमिनियमचं किरकोळ काम करून देणारा माणूस जवळपास मिळत नाही. त्याच्या टिग वेल्डिंगला एसी करंट देणारं मशीन लागतं, आर्गनचा सिलिंडर लागतो, आणि हात बसायला वेळ जातो. साधं डीसी इन्व्हर्टर मशीन इथे चालत नाही. म्हणून व्हिडिओत दाखवलेला जस्त-ॲल्युमिनियमचा रॉड आणि गॅसची टॉर्च, एवढ्यावर काम सुरू करावंसं वाटतं. जरूर करा. पण कोणत्या कामाला नाही म्हणायचं, हे आधी ठरवा.

हे बहुतेक रॉड 380 ते 400 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. शुद्ध ॲल्युमिनियम वितळतं 660 अंशांना. म्हणजे मूळ धातू वितळतच नाही, रॉड त्याला वरून चिकटतो. दुकानदार याला ब्रेझिंग म्हणतो, पण 450 अंशांखालचं काम म्हणजे खरं तर सोल्डरिंग, आपल्याकडचं झाळकाम.

खरी लढाई ऑक्साइडशी आहे. ॲल्युमिनियमवर कायम एक पातळ थर असतो आणि तो 2000 अंशांनाही वितळत नाही. त्यामुळे आधी थिनरने तेल-ग्रीस काढा, मग स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. हा ब्रश लोखंडावर अजिबात वापरू नका, वेगळा ठेवा. मग ज्योत पत्र्यावर धरा, रॉडवर नाही. पत्रा इतका तापला पाहिजे की रॉड नुसता टेकवल्यावर वितळेल. रॉडवर ज्योत मारलीत तर थेंब पडेल, गोळा होईल, आणि नखाने निघेल. बिगरफ्लक्सच्या रॉडने वितळलेल्या धातूखाली खरवडत राहावं लागतं, तेव्हाच ऑक्साइड फुटतो. हा रॉड पाण्यासारखा फटीत आपोआप ओढला जात नाही. म्हणून दोन्ही तुकड्यांवर आधी वेगवेगळा थर चढवा, मग एकमेकांवर ठेवून परत तापवा. तोंडाला तोंड लावण्यापेक्षा एकावर एक चढवलेला जोड कितीतरी भरवशाचा.

एक सावधगिरी. लोखंड तापलं की लाल होतं, ॲल्युमिनियम होत नाही. दिसायला आहे तसंच राहतं आणि अचानक खाली बसतं. त्यात ते उष्णता झपाट्याने पसरवतं, त्यामुळे जाड तुकड्याला छोटी ब्युटेन टॉर्च पुरत नाही.

आता मुख्य मुद्दा. विक्रेते जोडाच्या ताकदीचे आकडे सांगतात. जोड मजबूत असेलही, पण शेजारच्या धातूचं काय? गाडीच्या कामात 6061-टी6 खूप वापरतात. त्याची ताकद कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. तुम्ही 400 अंशांपर्यंत तापवलंत की ती उतरते, निम्म्याच्याही खाली जाऊ शकते. जोड टिकेल आणि बाजूचा पत्रा वाकेल. म्हणून सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, सीट आणि सीटबेल्टचे आधार, चाकाची रिम, यातलं काहीही घेऊ नका. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. इंधनाची टाकी तर रिकामी असली तरी टॉर्चजवळ आणू नका, आतली वाफ पेट घेते.

मग उरतं काय? हवेचा डक्ट, डॅशबोर्डचा पत्रा, दिव्याचा ब्रॅकेट, चुकीच्या जागी पडलेलं भोक बुजवणं, कव्हरचा तुटलेला कान. हे काम भरपूर आहे.

अजून एक गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. एकदा जस्ताचा रॉड लागला की तिथे नंतर टिग करणं अवघड होतं. जस्त 907 अंशांना उकळतं, त्याची वाफ होते आणि वेल्डला भोकं पडतात. तो भाग कापून किंवा खोलवर घासून काढावा लागतो. काम घेतानाच गिऱ्हाइकाला हे सांगा आणि बिलावरही लिहा, नाहीतर पुढचा वेल्डर तुमच्या नावाने शिव्या घालेल.

पांढरा धूर दिसला तर धातू जास्त तापतोय. तो श्वासात घेतला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. उघड्यावर काम करा. सिलिंडर व्यावसायिकच घ्या, घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे.

दर ठरवताना नुसता रॉड आणि गॅस मोजू नका. जोडायला दहा मिनिटं लागतात, साफसफाईला अर्धा तास. पैसे त्या अर्ध्या तासाचे लावा. पहिलं काम घेण्याआधी भंगारातला पत्रा आणून वीस जोड करा, प्रत्येक जोड व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवा. सुटलेल्या जोडाखाली चकचकीत, कोरं ॲल्युमिनियम दिसलं तर रॉड तिथे चिकटलाच नव्हता. परत ब्रश उचला.